भंडाऱ्याचं ताट

सिरसाळ्यात माझ्या शेजारी एक म्हातारा शेळ्या पाळतो. काहीही विचारा, तो आधी दारातल्या शेळीकडे बघतो, मग आपल्याकडे, आणि मगच बोलतो. घाईत असलो की मला याचा फार राग येतो.

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आमच्याकडे मतासाठी पाकीट देतात आणि वर भंडारा उचलून शपथ घ्यायला लावतात. देवाच्या धाकानं मत फिरत नाही. यंदा उमेदवार स्वतःच ताट घेऊन गल्लीत आला.

म्हाताऱ्यानं पाकिटाला हात लावला नाही. शेळीकडे बघितलं, मग उमेदवाराकडे.

"मत देतो की. पन आदी तू भंडारा उचल. निवडून आल्यावर गावाचा पैसा खानार न्हाई म्हन."

उमेदवार कसनुसा हसला. "काका, देवाला काहून मधी आनता?"

"मी आनलाय व्हय? आता आलाच हाय तर ऱ्हाऊ दे हितंच."

म्हाताऱ्यानं त्याच्या हातातलं ताट घेतलं आणि आत नेऊन देवापुढं ठेवलं.

पुढचं दार माझं होतं. उमेदवारानं नुसतंच पाकीट पुढं केलं.

मी आधी शेळीकडे बघितलं.