मला लवकर शिव्या द्या

कपडे शिवणारा पुरुष असता तर लोक मास्तर म्हणाले असते. ती बाई होती म्हणून मास्तरीण. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या संपल्या की तोंडाचा पट्टा सुरू. कंबर मोजून झाली की ती आकडा सांगत नसे, मत सांगायची. पोट आत ओढून उभं राहणाऱ्यांवर तिचा विशेष राग. श्वास कोंडून माप द्यायचं, श्वास सोडून कपडे घालायचे आणि बटण तुटलं की माझ्या नावाने बोंब मारायची, असं ती त्यांना तोंडावर ऐकवायची. ते कोण आहेत, काय शिकलेत, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. टेपला पदवी कळत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. दोन मशिनी, कापायचं एक टेबल, पाय कापणारा एक आखूड आरसा, आणि पडद्यामागे कपडे बदलायची जागा, जिथे प्रत्येकाचं एक कोपर भिंतीवर आपटायचंच. शिलाई मास्तरणीची, कापणं सुनेचं. सुनेच्या हातात कात्री आली की कापड आपणहून बाजूला होतंय असं वाटायचं. तिने कापलेली बाही खांद्यात अशी बसायची, जशी काही ती त्या खांद्यासोबतच जन्माला आली होती. हे मास्तरणीने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. तेव्हापासून ती सुनेला एकच सांगत आली होती, की चिंध्या फार पाडतेस.

मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी आला की जेवायचा आणि दोघींच्या तक्रारी ऐकता ऐकता झोपी जायचा. म्हणजे त्याचा उपयोग शून्य.

मग चौकात काचेच्या दारांचं मोठं कपड्यांचं दुकान उघडलं आणि तिथल्या मालकिणीने सुनेला बोलावणं पाठवलं. सून लगेच गेली नाही. तिने सासूपुढे दोन अटी ठेवल्या. महिनाभर गिऱ्हाइकाला एक वाकडा शब्द बोलायचा नाही, आणि गिऱ्हाइकाने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. जमलं तर मी इथेच, नाही तर माझी कात्री घेऊन मी चालले. मास्तरीण "बरं" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती एका शब्दावर थांबली, यावरून तिला किती धास्ती बसली होती ते समजावं.

सून व्यवहारी. नुसत्या शब्दावर विसंबणारी नव्हती. सासूच्या तोंडाशी गिऱ्हाइकाची गाठच पडू नये म्हणून तिने एक क्यूआर कोड करून घेतला आणि त्याचे कागद प्रत्येक पिशवीवर चिकटवले. गिऱ्हाइकाने फोन त्याच्यासमोर धरायचा, की दुकानाच्या नंबरवर जायचा मेसेज आयता लिहिलेला समोर येणार: नमस्कार मास्तरीणबाई, मला लवकर शिवून द्या. खाली आपलं नाव घालायचं, पाठवायचं, झालं. बोलायला नको, ऐकायला तर नकोच. कोड उघडतोय ना, नंबर बरोबर आहे ना, एवढं तिने पाहिलं आणि समाधानाने फोन खाली ठेवला. तो काळा चौकोन म्हणजे मुंग्यांची सभा. आत काय लिहिलंय ते माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. छापणाऱ्यालाही दिसलं नाही.

पहिला मेसेज आला पोस्टातल्या बाईंचा. मास्तरणीने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. नमस्कार मास्तरीणबाई, मला लवकर शिव्या द्या.

हा सुनेचा सापळा, हे तिने तत्काळ ताडलं. परीक्षा घेतेय माझी. तिने मूठभर टाचण्या ओठांत धरल्या आणि मशीन जोरात चालवलं. दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मेसेज आला. संध्याकाळी निवृत्त न्यायाधीशांचा. अट लागल्यापासून त्यांची पँट तिने दोनदा सैल केली होती आणि दोन्ही वेळा जीभ आवरली होती. आता मात्र तिला विचार पडला. एवढा मोठा माणूस, नमस्कार घालून, स्वतःचं नाव लिहून मागतोय. आणि मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही सुनेचीच अट.

सून स्वयंपाकाला घरी गेल्यावर तिने टाचण्या काढल्या, फोनवरचं माइकचं बटण दाबलं आणि न्यायाधीशांना त्यांच्या पँटची संपूर्ण कहाणी ऐकवली. डॉक्टरीणबाईंना विचारलं, लोकांना गोड खाऊ नका सांगता ते त्यांच्या वाटचं तुम्हाला मिळावं म्हणून का. पोस्टातल्या बाईंना म्हणाली, तुमचा स्कर्ट तुमच्या पत्रांसारखाच, पोचायचा तिथे कधी पोचतच नाही.

कुणीही रागावलं नाही. समोर उभं राहून ऐकताना जी माणसं लाल व्हायची, तीच आता आरामात बसून, चहा पीत, चारचौघांना वाजवून दाखवू लागली. पिशव्या हातोहात फिरल्या. ज्यांना काही शिवायचं नव्हतं तेही मागू लागले. न्यायाधीशांनी तर दुसऱ्यांदा मागितल्या, या वेळी कोटावरून.

सून खूश. मेसेज येताहेत, सासूबाई गप्प आहेत. एवढी गर्दी का होतेय हे मात्र तिला डॉक्टरीणबाईंकडूनच कळलं. कपडे न्यायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, तुमची ही कल्पना फारच छान हं. सुनेने पिशवीवरचा कोड स्वतः उघडला, वाचला आणि फोन सासूपुढे धरला.

"आई, हे काय आहे?"

"ते तू मला सांग. तूच लिहिलंयस."

"मी 'शिवून' लिहिलं होतं. नुसतं 'शिव' टाकलं की पुढचा शब्द फोनच देतो."

"माझा फोन तर मला 'शिवण' देतो."

शेजारचा मोबाइलवाला जॅकेटची चेन बसवायला आला होता. त्याने गप्प बसायला हवं होतं. पण त्याला वाटलं, आपल्या विषयातला प्रश्न आहे. तो म्हणाला, ज्याच्या फोनवर जो शब्द जास्त लिहिला जातो, तोच शब्द फोन आधी पुढे करतो. मग त्याने दोघींची तोंडं पाहिली आणि जॅकेट तिथेच टाकून काढता पाय घेतला.

मास्तरणीने मशीनवरचा पाय उचलला. "जास्त म्हणजे किती?"

"माझ्या ताईला रोज लिहिते. आज आईंनी कशावरून शिव्या दिल्या ते." सुनेचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "दुसरं काही तुम्ही दिलं असतं तर तेही लिहिलं असतं."

तिने कात्री फडक्यात गुंडाळली आणि ती निघाली. मास्तरीण हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध. तिने खाली वाकून चिंध्या वेचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून घरातून काचेच्या दुकानाकडे गेली आणि मास्तरीण एकटीच जिन्याखाली येऊन बसली. टेबलावर अर्धा कापलेला कोट. तिने स्वतः कात्री घेतली, कापडावर ठेवली, उचलली, परत ठेवली. आपण तिथे काय करणार ते तिला पक्कं ठाऊक होतं. फोन वाजला तेव्हा, आज कुणाला काही मिळणार नाही, असं पुटपुटतच तिने तो पाहिला.

नमस्कार मास्तरीणबाई, मला लवकर शिव्या द्या. खाली नाव होतं: सून.

मास्तरीण बराच वेळ माइकचं बटण दाबत आणि सोडत राहिली. शेवटी घसा खाकरला.

"अगं बिनडोक, त्या कोटाची बाही टेबलावर माझी वाट बघतेय की तुझी? माझ्या बापाला असं कापता आलं नाही, मला येत नाही, या गावात कुणाला येत नाही, आणि तू ते हात घेऊन त्या काचेत जाऊन बसतेस? आठ दिवसांत मालकीण तुला बटणं लावायला बसवेल. पहिल्या वर्षी तू तो राखाडी कोट कापलास ना, तेव्हाच मी मनात म्हटलं, आपण आता शिलाईच करावी. तुला सांगितलं नाही, डोक्यावर बसली असतीस. बसली असतीस तर बसली असतीस. चल, ये मुकाट्याने. आणि चिंध्या कमी पाड."

थोड्या वेळाने जिन्यापाशी पावलं वाजली आणि दाराबाहेरच थांबली. मग मास्तरणीला बाहेरून स्वतःचाच आवाज ऐकू आला, अगं बिनडोकपासून चिंध्यांपर्यंत. पुन्हा अगं बिनडोक.

मास्तरणीने घाईघाईने ओठांत टाचण्या कोंबल्या आणि मशीन सुरू केलं. मशीनमध्ये कापड नव्हतं.