वानगीची गाडी

"आवं, ह्ये बटान दबंना की."

"जोरानं दाब."

"दाबलं की! नख मोडायची पाळी आली. ह्येला जीवच न्हाय."

माधवरावांनी गाडी अण्णा नगरच्या एका गल्लीत कडेला घेतली. शोरूममधून बाहेर पडून अजून तास झाला नव्हता. बॉनेटवरचं हळदीकुंकू ओलं होतं, चाकाखाली चिरडलेल्या लिंबांचा वास अजून येत होता. शेजारच्या सीटवर अक्काताई पदर खोचून, पुढं वाकून, एसीच्या खालच्या बटणांच्या रांगेत अंगठा रुतवत होती.

माधवरावांनी स्वतः दाबून बघितलं. रांगेत चार जागा. दोन बटणांवर चित्रं होती, दोन नुसती काळी. त्यांनी काळ्याच्या कडेला नख घातलं तसं ते टपकन निघून हातात आलं. खाली भोक होतं, त्यात एक तारसुद्धा नव्हती. बटण नव्हतंच ते, भोकाला ठोकलेलं बूच होतं.

"तवा वारा कुठनं येत व्हता?" अक्काताईनं विचारलं.

"हितनंच."

"मग आता कुठं गेला?"

माधवरावांनी बूच परत बसवलं आणि गाडी सुरू केली.

माधवराव खानापूर तालुक्यातले. त्या बाजूची माणसं सोनं गाळायला कुठं कुठं जाऊन बसलीत, त्याला गणती नाही. हे सतराव्या वर्षी मद्रासला आले. सावकारपेठेत गाववाल्यांच्या भट्ट्यांची रांग होती, तिच्यात शेवटच्या खोलीत यांनी आपली भट्टी मांडली. जुनं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून मळ काढायचा, चोख लगड ओतून परत द्यायची. लग्न झाल्यावर अक्काताई आली ती थेट भात्यावर बसली. गडी ठेवायची ऐपत नव्हती. नऊ वर्षं तिनं भाता ओढला. खोलीला खिडकी नव्हती. ती ओला पंचा पाठीवर टाकून बसायची, तो अर्ध्या तासात कडक व्हायचा, मग उठून परत भिजवायचा.

पुढं गॅसची भट्टी आली, कामाला माणसं आली, अण्णा नगरला फ्लॅट झाला. पण अक्काताईच्या पाठीची आग काही गेली नाही. पाठभर पुरळ उठायचं. उन्हाळ्यात तर ती रात्री फरशीवर उघड्या पाठीनं पडायची. डॉक्टर झाले, मलमं झाली, गावाकडचा पाला झाला. "भट्टी हाडात बसलीया," ती म्हणायची, आणि ते ऐकलं की माधवराव उठून गच्चीत जायचे. तिला भात्यावर त्यांनीच बसवलं होतं.

दोन हजार आठच्या मे महिन्यात, तमिळ लोक ज्याला कत्तिरी म्हणतात त्या जिवावरच्या उन्हात, दोघं दवाखान्यातून परतताना गिंडीच्या बाजूच्या त्या जर्मन गाड्यांच्या शोरूममध्ये शिरले. गाडी घ्यायची माधवरावांच्या मनात होतीच. भट्टीवाल्यांतल्या दोघा-तिघांनी तसल्या गाड्या गावाकडं नेऊन जत्रेत फिरवल्या होत्या. पण त्या दिवशी घाई नव्हती, नुसतं बघायचं होतं.

गुरुराज तिथं भेटला. टाय लावलेला, तिशीचा पोरगा. हे दोघं आपसात बोलताना त्याच्या कानावर गेलं आणि तो हात जोडून म्हणाला, "या मामा, बसा. आम्ही पण मराठी बोलतों. तंजावूरचे आम्ही."

माधवरावांना त्याची बोली ऐकून गंमत वाटली. पणजोबाच्या पेटीतनं काढलेलं धोतर नेसावं तशी जुनी मराठी, वर तमिळ हेल. "आरं, तू तर आमच्यापरीस जुना मराठा निगालास!" म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

गुरुराजनं अक्काताईला मधोमध उभ्या असलेल्या गाडीत बसवलं. एक बटण दाबलं. "मामी, अता पाठीला गार वारें येतें पाहा."

चामड्याला बारीक बारीक भोकं होती, त्यातनं वारा आला. अक्काताई आधी दचकली. मग मागं टेकली. माधवराव गुरुराजशी इंजिनाचं बोलून वळले तर ती झोपली होती. भर दुपारी, लोकांच्या देखत, तोंड थोडं उघडं टाकून. दिवसा झोपलेली अक्काताई त्यांनी सव्वीस वर्षांच्या संसारात बघितली नव्हती. ते गाडीच्या दाराशी उभे राहिले आणि गुरुराजला म्हणाले, "ही घेतली."

चार दिवसांनी ते सह्या करायला गेले. लेक तनया इंजिनीअर, ती म्हणाली, "अप्पा, थांबा की शनिवारपर्यंत, मी येते. त्या गाड्यांमध्ये मॉडेल-मॉडेलचा फरक असतो."

"कशाला? पोरगा आपल्या बोलीतला हाय."

गुरुराजनं इंग्रजी कागद पुढं ठेवले. एका पानावर बारीक अक्षरांत लांबच लांब यादी होती. "मामा, ह्यांत आणीक कांहीं घालूं काय?"

"आनि काय घालतोस? मी बसलो, बायकू बसली, पटलं. जी बगितली ती दे."

गुरुराजचं पेन जरा थांबलं. मग त्यानं सहीच्या जागी फुली केली.

आता ह्यात माधवरावांचं काही चुकलं असं भट्टीवाल्यांतला कुणी म्हणणार नाही. त्यांच्या धंद्यात लगड ओतली की वरनं एक कपची काढायची, खालनं एक काढायची. ती वानगी. दगडावर घासून वानगीचा कस बघितला की सगळ्या लगडीचा कस ठरला. पुढं कागद नाही, सही नाही. वानगी एक आणि माल दुसरा असं एकदा जरी झालं, तर त्या माणसानं त्याच दिवशी खोलीला कुलूप घालून गावाकडची गाडी धरायची. तीस वर्षांत त्यांनी असे दोघेच बघितले होते, आणि त्या दोघांची नावं पेठेत अजून कुणी घेत नव्हतं. मधोमध उभी केलेली ती गाडी त्यांच्या लेखी वानगी होती.

गाडी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच शोरूममध्ये गेले. ती गाडी तिथंच उभी होती. ते न विचारता आत बसले, बटण दाबलं. पाठ गार झाली. तसेच बसून त्यांनी हाक मारली, "गुरुराज! हिकडं ये. ह्ये माझ्या गाडीत का न्हाय?"

गुरुराज लगबगीनं आला. "मामा, तें ऑप्शन होय. वेगळें घ्यावें लागतें. ही डेमो. हींत अस्की, सगळेंच घातलेलें असतें, लोकांनीं पाहावें म्हणून."

"म्हंजी दावायची एक आनि द्यायची एक?"

"कंपनीची पद्धत तशी मामा."

"मग आता बसव. काय लागंल त्ये लागंल."

"होत नाहीं मामा. सीटच्या पोटांत पंखे असतात, फॅक्टरींतच घालून येतें."

"मग ही दे मला. माझी घे."

"ही डेमो, मामा. एक वर्ष द्यायची नाहीं."

माधवराव गाडीतनं उतरले. आवाज चढवला नाही, पण शोरूममधल्या दोन पोरी टेबलांवरनं बघायला लागल्या. "तू मला इचारलंस, आनि काय घालू. बरुबर?"

"विचारलें मामा. सही पण होय तुमची."

"व्हय. पर जी म्हातारी हितं झोपली, ती कशावर झोपली ह्ये तू बगितलं व्हतंस. त्येच ह्यात न्हाय, ह्ये कुटं सांगितलंस?"

गुरुराजनं मान खाली घातली. टायचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग हळू म्हणाला, "यार्डांत ती एकच गाडी होती मामा. महिना संपत आलेला. दुसरी मागवली असती तर चार महिने. तंवर तुम्ही दुसरीकडे गेला असतां."

"आमची बोली बोललास त्ये पन ह्येच्यापायीच का?"

"अय्यो, नाहीं मामा! घरीं आम्ही हीच बोलतों."

"घरीच बोल मग. हितं नगं बोलू."

गुरुराजनं आतून एक खोकं आणलं. पायाखालचे गालिचे आणि अत्तराची बाटली. "हें आमच्याकडून मामा, फ्री." माधवरावांनी खोकं त्याच्या हातातनं घेतलं, डेमो गाडीच्या त्या गार सीटवर नीट ठेवलं आणि दार लावून घेतलं.

रविवारी तिघं नव्या गाडीतनं देवाला निघाले. अक्काताईला सगळं कळलं होतं. त्या बुचाकडं तिनं परत बघितलं नाही. बसायच्या आधी तिनं पिशवीतनं पंचा काढला. घरनंच भिजवून, पिळून आणला होता. तो तिनं जर्मन चामड्यावर पाठीच्या जागी नीट पसरला आणि त्याला टेकून बसली.

"अम्मा, लेदर खराब होईल!" तनया मागनं ओरडली.

"हुंदे."

"अप्पा, सांगा ना तिला."

पंचा तोच नव्हता, पण तसलाच होता, लाल काठाचा. माधवराव समोर बघून गाडी चालवत राहिले. एग्मोरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातला माणूस वाकून वाकून गाडी बघत होता, हसत होता, अंगठा दाखवत होता. माधवरावांनी काच वर केली.

घरी आल्यावर त्यांनी गाडीवर खोळ चढवली, चारी दोऱ्या घट्ट बांधल्या. सोमवारी ते जुन्या स्कूटरवरनं पेठेत गेले.

खोलीत शेषगिरी आचारी वाट बघत बसला होता. आचारी म्हणजे तिकडं सोनार. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. आदल्या आठवड्यातली त्याची लगड तयार होती. माधवरावांनी रिवाजाप्रमाणं वरनं एक, खालनं एक कपची काढून त्याच्या तळहातावर ठेवली. शेषगिरीनं दगडावर घासून बघितली आणि लगड रुमालात गुंडाळायला घेतली.

"बघून घे," माधवराव तमिळमध्ये म्हणाले.

"बघितलं की, शेठ."

"वानगी बघितलीस. लगड बघ. मधनं कापून बघ."

शेषगिरी हसला. "नवी गाडी घेतली म्हणून चेष्टा करता काय? तुमची वानगी बघितल्यावर लगड कापायची? पेठेत तोंड दाखवू कसं मी?"

"काप म्हणतो ना!"

शेषगिरीचं हसू गेलं. त्यानं लगड रुमालातनं काढली, पण छिन्नीला हात लावला नाही. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी माधवरावांनीच नजर वळवली. "जा," म्हणाले, "ने. ठीक आहे ती."

तो गेल्यावर त्यांनी सदरा काढून खुंटीला टांगला. बादलीतला पंचा पिळून पाठीवर टाकला, गॅस पेटवला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या तुटक्या बांगड्या मुशीत टाकून वर टाकणखाराची चिमूट सोडली.