चांदीकडून आलेला ताप

"बाई, घरी जनावर आहे का?" वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या हातात माझ्या रक्ताचा नागपूरहून आलेला रिपोर्ट होता.

"एक शेळी आहे. चांदी."

"गाभडली होती का?"

दोन महिन्यांपूर्वी गाभडली होती. मदतीला कुणी नव्हतं. मेलेली दोन्ही पिल्लं मीच उघड्या हातांनी ओढून काढली होती.

"मग तिथूनच आलं. ब्रुसेलोसिस." म्हणजे जनावराच्या गर्भाबरोबर पडणाऱ्या वारेतून, कच्च्या दुधातून माणसाला होणारा जंतुसंसर्ग.

किन्हीराजा गावच्या शाळेत मी शिक्षिका. नवरा वारल्यावर बदली घेऊन आले. खोलीत मी, दारात चांदी. शाळेत काय काय झालं ते संध्याकाळी तिलाच सांगायचे.

ताप तिसऱ्या प्रहरी चढायचा, पहाटे घामानं अंथरूण भिजायचं. हिवतापाच्या गोळ्या झाल्या, विषमज्वराचं औषध झालं. कंबर इतकी दुखायची की फळ्यासमोर उभं राहवेना. अंग वाळलं तसा गावानं क्षय ठरवला. शेजारची कमल रोज यायची, तीही यायची थांबली. तिच्या घरात तान्हं मूल होतं. मी काय बोलणार?

वॉर्डात तीन आठवडे काढले. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. ही दोन्ही औषधं जंतूंवरची. भेटीच्या वेळी बाकीच्या खाटांभोवती माणसं जमायची. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे.

पशुवैद्यांनी गावी जाऊन तपासलं, तर चांदीच्या रक्तातही तोच रोग निघाला. "बाजारात विकून टाका," शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सुचवलं. पण मग हा ताप दुसऱ्याच्या घरी गेला असता. तिला मारायची परवानगी मी पशुवैद्यांना खाटेवरूनच लिहून दिली. ते दोन ओळींचं पत्र लिहायला मला अख्खी दुपार लागली.

तुमच्याकडे जनावर गाभडलं, तर वारेला उघडा हात लावू नका. दूध उकळूनच प्या. ताप हटत नसेल तर घरातल्या जनावराचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

घरी परतले त्या संध्याकाळी कमल दारात आली. "बाई, चांदीले आमच्या मालकानं पुरलं. चुना टाकून, खोल."

मला रडू आवरेना. "कमल, मले इथं लय एकटं वाटते व."

एवढं मी कुणा माणसापाशी कधी बोलले नव्हते.

"मंग आमाले काय सपन पडते?" ती म्हणाली. "सांगा लागते न, बाई. चाला, भाकरी टाकून राह्यली मी."

मी खोलीला कडी लावली आणि तिच्यामागे निघाले.