शेरा: घरगुती उदबत्ती

माझं काम नेमकं काय, हे बाबांना समजावून सांगायला मला दोन दिवाळ्या लागल्या. समजल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हणजे इन्स्पेक्शनच की. मग एवढं शिकलीस कशाला?" ते स्वतः भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, मापात बसतो का पाहायचं; बसला तर पास, नाही तर लाल खडूची फुली. घरातही ते पास-नापासातच बोलायचे. आईची आमटी कायम पास. माझी पहिली पोळी नापास, आणि वर "रिवर्कही होणार नाही" असा निकाल. आई गेल्यावर सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहिले. कोथरूडला माझ्याकडे या म्हटलं की म्हणायचे, तुमच्याकडे कोथिंबीर आणायलासुद्धा गाडी काढावी लागते.

कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी काय करून बसले ते कळणार नाही. शहराची हवा कशी आहे हे सांगायला तीन गोष्टी लागतात. ठिकठिकाणी लावलेली यंत्रं दर काही मिनिटांनी हवेतली धूळ आणि धूर मोजतात, ही पहिली. दुसरी म्हणजे यादी: शहराचे किलोमीटर-किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि कुठल्या चौकोनात किती गाड्या, किती भट्ट्या, किती चुली, म्हणजे किती धूर निघत असेल, ते लिहायचं. तिसरं मॉडेल. ते ही यादी घेतं, वारा आणि थंडी बघतं, यंत्रांच्या आकड्यांशी जुळवून घेतं आणि उद्या कुठे किती धूर साचेल याचा हिशेब करून रंगीत नकाशा काढतं. पूर्वी या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या संस्थांकडे असायच्या आणि त्यांच्यात भाऊबंदकी असल्यासारखं वातावरण असायचं. एकाची फाइल दुसऱ्याच्या संगणकात उघडायची नाही. आमच्या प्रकल्पाने सगळ्यांची माहिती एका सामायिक व्यवस्थेत आणली. एकाने दुरुस्ती केली की सगळ्यांकडे पोचते, आणि काहीही पुसलं जात नाही. कुठल्या आकड्यावर कोणी, कधी, काय शेरा मारला ते कायम दिसत राहतं. मला त्याचा अभिमान होता.

माझी खुर्ची मधली. यंत्राकडून आलेला आकडा मॉडेलकडे जाण्याआधी मी बघायचा आणि ग्राह्य, संशयास्पद किंवा अग्राह्य ठरवायचा. अग्राह्य ठरवला तर कारणाच्या रकान्यात शेरा लिहायचा.

गणपती झाल्यावर आम्ही लोकांच्या घरी छोटी यंत्रं बसवायला घेतली. साधा पांढरा डबा, वायफायवर चालणारा. एक मी बाबांच्या मागच्या बाल्कनीत लावला आणि नोंदणीत त्यांचा मोबाइल नंबर दिला. दर सोमवारी सकाळी अशा घरांना आपोआप मेसेज जायचा, की आपल्या केंद्राच्या नोंदी ग्राह्य धरल्या किंवा धरल्या नाहीत. मजकूर मीच लिहिला होता. पहिला मेसेज आला तेव्हा बाबांनी फोन केला. "ग्राह्य काय, अग्राह्य काय? पास म्हणा, नापास म्हणा. पंचांग आहे का ते?" पण खूश होते. खालच्या दुकानदाराला त्यांनी सांगितलं होतं की आता मी केंद्र आहे.

बाबांना दमा होता. शिवाय कोविडमध्ये त्यांचा वास गेला तो परत आलाच नाही. दूध करपलं तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी सकाळी मोकळ्या हवेत बसून श्वासाचे व्यायाम करायला सांगितले होते, म्हणून सहाला ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. मी रोज संध्याकाळी आमच्या नकाशात त्यांच्या चौकोनाचा उद्याचा रंग बघून त्यांना व्हॉट्सअ‍ॅप करायची. हिरवा किंवा पिवळा असेल तर बसा, नारिंगी असेल तर आतच थांबा, असं आमचं ठरलं होतं. त्या थंडीत आजूबाजूचे चौकोन नारिंगी व्हायचे आणि सदाशिव पेठेचा पिवळाच राहायचा. मी लिहायची, "उद्या पिवळा. बसा." ते अंगठा पाठवायचे.

नवरात्रानंतर त्यांच्या डब्याचे आकडे बिघडले. रोज पहाटे पाच चाळीसला आकडा एकदम चढायचा आणि सातच्या आसपास उतरायचा. फक्त रविवारी तासभर उशिरा चढायचा. मॉडेलच्या मते त्या वेळी तिथे एवढा धूर असायचं काही कारण नव्हतं. यादीच्या मते त्या चौकोनात सगळ्यांकडे गॅस होता. दोघं एक सांगतात आणि तिसरा वेगळंच, तेव्हा तिसऱ्याचंच काहीतरी चुकतंय, असा विचार मी केला. आणि कारण मला माहीत होतं. आईचा फोटो बाल्कनीच्या दाराशेजारी होता. बाबा पहाटे उठून आंघोळ करायचे आणि फोटोसमोर उदबत्ती लावायचे. रविवारी उशिरा उठत असतील. मी शेरा लिहिला, "घरगुती उदबत्ती", आणि रोजचा तो तास-दीड तास अग्राह्य केला.

दिवाळीला मी त्यांना चार दिवस कोथरूडला आणलं. फ्लॅट बंद होता आणि त्या चार दिवसांत पाच चाळीसचा चढ आला नाही. मी त्यांना लॅपटॉपवर दाखवलं. बघा, तुम्ही इथे आणि उदबत्ती बंद, आकडा सपाट. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मग आता लावू नको म्हणतेस?" मी म्हटलं, निदान थंडी संपेपर्यंत लावू नका, डब्याचा उपयोग तरी होईल. आईच्या फोटोसमोर चौदा वर्षं रोज लागलेली उदबत्ती मी इतक्या सहज बंद करायला सांगितली. ते बरं म्हणाले.

दिवाळीनंतर ते परत गेले आणि दोनच दिवसांत चढ परत आला.

मी आधी त्यांना न सांगता तोच शेरा मारत राहिले. मग एका सोमवारी नापास झाल्याचा मेसेज आला म्हणून त्यांनीच फोन केला. मी म्हटलं, उदबत्ती चालू असेल तर मी तरी काय करणार. त्यांनी बंद केल्याचं सांगितलं. मी मीटिंगला निघाले होते आणि आवाज चढला होता.

"बाबा, धूर आहे म्हणून यंत्र सांगतंय. यंत्र खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतोय?"

 "नाही" म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि तो मी जाऊ दिला. ते म्हणाले, "नापास करायच्या आधी मशीनजवळ जाऊन उभं राहायचं असतं. आलीस का कधी पहाटे?" मी म्हटलं, अशी शंभर मशीनं आहेत माझ्याकडे. ते म्हणाले, "हो, बरोबर आहे," आणि फोन ठेवला. कोथरूडहून सदाशिव पेठ पहाटे स्कूटरवर वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

रोज तोच शेरा लिहायचा कंटाळा आला म्हणून मी संगणकालाच नियम घालून दिला: या केंद्राचे पहाटेचे आकडे आपोआप अग्राह्य, कारण घरगुती उदबत्ती. त्यानंतर मी तिकडे पाहिलंही नाही. संध्याकाळचा रंग मात्र चुकवला नाही.

जानेवारीत त्यांची धाप वाढली. दम्याच्या पंपाने भागेना. दवाखान्यात सहा दिवस होते. चौथ्या दिवशी तोंडावरचा मास्क बाजूला करून त्यांनी विचारलं, डबा चालू आहे ना, फ्लॅटची वीज बंद करू नकोस. मी म्हटलं, नाही करत. सहाव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी वय, थंडी आणि छातीतला संसर्ग अशी तीन कारणं सांगितली.

दिवस झाले, पाहुणे गेले. मी फ्लॅटला कुलूप लावलं, आणि त्यांना शब्द दिला होता म्हणून वीज चालू ठेवली. पुढच्या आठवड्यात कामावर आले आणि सवयीने त्यांचं केंद्र उघडलं. समोर आलेखाची रेघ होती. कुलूपबंद घर, आत कोणी नाही, आणि पाच चाळीसला आकडा चढलेला. आदल्या दिवशीही. त्याच्याही आदल्या दिवशी. रविवारी तासभर उशिरा. शेजारी माझ्या नावाने शेरा होता, घरगुती उदबत्ती. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी त्या बाल्कनीत जाऊन उभी राहिले. अंधार होता. मागच्या भिंतीपलीकडे जुना बंगला आहे, त्यात परीक्षांची तयारी करणारी मुलं राहतात. पाच चाळीसला भिंतीमागे पत्रा वाजला, लाकडं पडल्याचा आवाज आला आणि जरा वेळाने माझा घसा धरला. धूर दिसत नव्हता, पण वास होता. जळक्या ऑइलपेंटचा. शेंबड्या पोरालाही कळला असता. बाबांना कळत नव्हता. मी खाली उतरून वळसा घालून तिकडे गेले. एक बाई भल्यामोठ्या लोखंडी बंबात खिडकीच्या जुन्या चौकटी घालत होत्या, कोपऱ्यावरच्या पाडलेल्या इमारतीच्या, रंगासकट. थंडी सुरू झाली की पेटवते, म्हणाल्या.

"काय करू ताई, पोरायले सहा वाजता अभ्यासिकेत जागा धराची असते. थंड्या पाण्यानं कसं पाठवू? रविवारी उठतात मंग उशिरा."

मी दिवाळीचं विचारलं. दिवाळीत सगळी पोरं घरी जातात, त्या म्हणाल्या, तेव्हा बंद. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. रागावायचं कोणावर, ते माहीत होतं.

मॉडेलने आणि यादीने एकच गोष्ट सांगितली म्हणून मी दोघांवर विश्वास ठेवला होता. पण मॉडेलला त्या चौकोनाबद्दल जे माहीत होतं ते यादीतूनच कळलं होतं, आणि यादी करणाऱ्याने गॅसचे सिलिंडर मोजले, बंब मोजला नाही. साक्षीदार एकच होता, मी त्याला दोनदा मोजलं. पुढचं तर मला आजही नीट लिहिता येत नाही. बाबांच्या डब्याचे आकडे मी बाहेर टाकले, म्हणून नकाशात पेठ पिवळी राहिली. पेठ पिवळी म्हणून मी "बसा" लिहिलं. मी लिहिलं म्हणून ते सहा वाजता त्या धुरात बसून दीर्घ श्वास घेत राहिले. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यांनी माझ्या रंगावर शेवटपर्यंत ठेवला. त्यानेच ते गेले का, ते मला माहीत नाही. डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण रोज त्या धुराच्या वेळी मी त्यांना तिथे बसवलं, एवढं व्यवस्थेत तारीखवार नोंदलेलं आहे.

परत वर गेले, आईच्या फोटोपाशी. उदबत्तीचं पितळी घर तिथे नव्हतं. ते स्वयंपाकघरात सापडलं, घासून भांड्यांच्या फळीवर उपडं ठेवलेलं. दिवाळीच्या आधी मी आणून दिलेले उदबत्तीचे दोन पुडे ड्रॉवरमध्ये सीलबंद होते.

त्या आठवड्यात मी नियम काढून टाकला आणि नवरात्रापासूनचे सगळे आकडे ग्राह्य केले. निर्णय बदलला तर व्यवस्था कारण मागते. मी लिहिलं, "धूर शेजारच्या बंबाचा, उदबत्तीचा नव्हता. तपासणाऱ्याची चूक." ते आता सगळ्या संस्थांना दिसतं, दिसू दे. यादी करणाऱ्यांनी पेठेत फिरून आणखी बंब शोधले आणि यादीत नवी ओळ घातली. मॉडेल मागच्या तारखांपासून पुन्हा चालवलं. त्या थंडीतल्या बहुतेक पहाटे पेठेचा चौकोन नारिंगी झाला. आतच थांबा, असा तो रंग.

सोमवारी सकाळी मी घरी जेवणाचे डबे भरत होते. बाबांचा फोन मी चार्ज करून ओट्याशेजारच्या फळीवर ठेवते, बँकेचे मेसेज त्यावर येतात म्हणून. तो वाजला. "आपल्या केंद्राच्या नोंदी तपासणीअंती ग्राह्य धरण्यात आल्या आहेत. सहकार्याबद्दल आभार."

मी हात पुसले. माझ्या फोनवर त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. तिथे रांगेने पिवळा, पिवळा, पिवळा, आणि प्रत्येकाखाली एक अंगठा. त्याखाली मी लिहिलं, "बाबा, पास." फळीवरचा फोन पुन्हा वाजला.