थेंबमामांचं दुप्पट रोप

बियाणं केंद्राच्या काचघरात एकवीस वर्षं एकच काम करणाऱ्या माणसाला सगळे थेंबमामा म्हणायचे. ते नाक मुरडायचे, पण आतून खूश असायचे बरं का. काम काय, तर कळलावीचे विषारी कंद ठेचून अर्क काढायचा, वांग्याच्या कोवळ्या शेंड्यावर कापसाचा बोळा ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर थेंब सोडायचे. त्यानं पेशीतली गुणसूत्रं दुप्पट होतात, पानं जाडजूड, फळं मोठाली. म्हणजे व्हायला हवीत. बहुतेक रोपं आधीच मान टाकत.

"एवढे थेंब माझ्या गुडघ्यांवर सोडले असतेत, तर मी नाचले असते," बायको म्हणायची.

"विषारी असतात ते."

"मग राहू द्या. तुम्ही पुरेसे आहात."

निवृत्तीला चार महिने उरले आणि एक रोप साधलं. तेही अर्धंच. एका बेचक्यातून दोन कोंब फुटलेले, एक दुप्पट, एक साधा. प्रयोगशाळेच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं, "मामा, साधा कोंब जोरकस असतो, दुसऱ्याला वाढू देणार नाही. तो खुडा. दुप्पट कोंबाला फळ धरलं तर बी आपलं. खुणेला दोरा बांधू का?"

मामांना ते लागलं. "पान चिमटीत धरलं की जाड-पातळ कळतं मला. दोरा कशाला?"

कळायचं, पूर्वी. अर्कात बुडून बुडून बोटांची टोकं वर्षभरापासून बधिर झाली होती. शर्टाची बटणंसुद्धा बायको लावायची. तिला वाटायचं, म्हातारा लाडात आलाय. मामांनी दोन्ही पानं चिमटीत धरली, उगाच मान हलवली आणि एक कोंब खुडला.

दहा दिवसांनी बाईंनी उरलेल्या कोंबाचं पान तपासलं. पुन्हा तपासलं.

"मामा, हा साधा आहे."

मामा बोळ्यांचा डबा पुसत राहिले. मग म्हणाले, "बोटांना कळत नाही हो बाई. वर्ष झालं."

"सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंत."

बाईंनी कपाटातून रबरी हातमोजे काढून त्यांच्यापुढे ठेवले.

उरलेल्या दिवसांत मामांनी पन्नास रोपांवर थेंब सोडले, तेही रबरी हातमोजे घालून, आता त्यांचा उपयोग काय म्हणा. सव्वीस मेली, चोवीस साधी राहिली. बेचक्यातला कोंब मात्र झपाट्यानं वाढला. मामांच्या शेवटच्या आठवड्यात त्याला वांगी लागली, बाजारात मिळतात तेवढीच.