पाच वर्षांच्या उंचीवरून रत्नागिरी

रत्नागिरीत पाच वर्षांच्या मुलाने नेमकं काय बघावं, हे माझ्या बायकोच्या मामांइतकं कळणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. खुद्द पाच वर्षांच्या मुलालाही ते इतकं कळत नाही. मूल आपलं समुद्र बघतं आणि आइस्क्रीम मागतं. मामांना मात्र मांडवीच्या कोणत्या पायरीवर बसलं की लाट पावलांना लागते पण चड्डीला लागत नाही, मिरकरवाड्याच्या जेट्टीवर बर्फ फोडायचं यंत्र कधी सुरू होतं आणि त्याचे तुकडे कोणत्या बाजूला उडतात, पानवलच्या पुलाखाली कुठे उताणं पडलं की वरून जाणारी आगगाडी आभाळातून चालल्यासारखी दिसते, कोणता सुतार आंब्याच्या पेट्या ठोकताना मुलांना एकेक खिळा मारू देतो आणि कोणता हाकलून देतो, हे सगळं पाठ. आणि हे ज्ञान त्यांनी बसल्या जागी मिळवलेलं नव्हतं. त्यासाठी साठी उलटल्यावर हा माणूस गावभर ओणवा होऊन फिरला आहे.

ओणवा हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरत नाही. मामांकडे बांबूची एक काठी होती, बरोबर साडेतीन फूट. पाच वर्षांच्या मुलाची उंची. रविवारची सहल ठरली की गुरुवारी मामा एकटे त्या जागी जाऊन यायचे, काठी जमिनीवर उभी करायचे, गुडघे वाकवून डोळे काठीच्या टोकाशी आणायचे आणि तसेच, बदकासारखे, सगळीकडे फिरायचे. एकदा भाट्याच्या सुरुबनात ते असे चालताना कोणीतरी पाहिलं आणि माझ्या बायकोला फोन केला, ‘तुमच्या मामांची कंबर धरलीय वाटतं.’ एका मोठ्या महोत्सवाला सगळं गाव लोटलं होतं, तो मामांनी एका वाक्यात बाद केला. “साडेतीन फुटांवरून मला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या,” ते म्हणाले. “आणि पाठी म्हणजे, जरा खालच्या.”

मामा एसटीत कंट्रोलर होते. पस्तीस वर्षं स्टँडवर माइकसमोर बसून त्यांनी गाड्या सोडल्या, आणि निवृत्तीनंतर तोच आवाज त्यांनी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आणला. शनिवारी संध्याकाळी गावातल्या चाळीसेक घरांत एकाच वेळी मामा बोलायला लागायचे. “उद्या सकाळी साडेसात वाजता चिऱ्याच्या जुन्या खाणीकडे जाणाऱ्या मंडळींनी लक्ष द्यावे. मुलांनी टोपी आणावी. आयांनी पाणी आणावे. बापांनी स्वतःला आणावे.” हे शेवटचं वाक्य दर शनिवारी असायचं, आणि दर शनिवारी माझी बायको ते ऐकताना माझ्याकडे बघायची. मी पेपर वर धरायचो.

त्यांचे नियम भारी कडक. ज्या जागी मुलाला तीनपेक्षा जास्त वेळा ‘हात लावू नकोस’ म्हणावं लागतं, ती जागा मुलांची नाही. ते मोजायचे. एका प्रदर्शनाच्या नुसत्या दारातच अकरा झाले, तेव्हा मामांनी सगळी वरात मागे फिरवली आणि शेजारच्या दगडी गडग्यावर चढणाऱ्या डोंगळ्यांची रांग मुलांना तासभर दाखवली. पोरांनी त्या डोंगळ्यांना नावं ठेवली, एकाचं बारसं केलं, आणि परत यायला रडली. दुसरा नियम मोबाइलचा. सहल सुरू होताना मामा आपली कापडी पिशवी उघडून उभे राहायचे आणि आईबापांनी फोन त्यात टाकायचे. “मी काय चोर आहे काय? टाका मेल्यांनो! दोन तासांत काय कलेक्टर तुमच्यावाचून अडणार आहे?” एका बँकेतल्या गृहस्थांनी खोटं सांगितलं की फोन घरी राहिला, आणि पाचव्या मिनिटाला तो त्यांच्या खिशात वाजला.  मामांनी सगळ्या मुलांना जवळ बोलावून त्यांना तो खिसा दाखवला, डोंगळे दाखवले होते तसा.

ही एवढी हौस कुठून, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. मी फार विचारणारा माणूस नाही, पण त्या दिवशी जेवण जरा जड झालं होतं. मामा म्हणाले, “जावयबापू, माझी दोन पोरं कधी मोठी झाली, मला विचारू नका. रविवारी स्टँडवर गर्दी. मे महिन्यात गर्दी. गणपतीत तर बोलूच नका. मी सगळ्या गावाच्या पोरांना आजोळी पोचवलं आणि माझी दोन घरात राहिली.” एवढं बोलून त्यांनी ताकाची वाटी उचलली. मला हे माझ्यासाठी सांगितलंय, हे कळलं होतं. पण कळणं आणि रविवारी सहाला उठणं यांत फार अंतर असतं.

मामांच्या सहली तीन वर्षं चालल्या. त्यांत मी एकदाच गेलो, त्याच चिऱ्याच्या खाणीत. खोल चौकोनी खड्डा, चारी बाजूंना जांभ्या दगडाच्या तांबड्या भिंती, आणि हाक मारली की ती परत येते. मामांनी मुलांना ओळीने उभं करून ज्याला जे ओरडायचं ते ओरडायला सांगितलं. कोणी ‘वडापाव’ ओरडलं, कोणी बहिणीची खोडी काढली. मी तेव्हा वर रस्त्याला गेलो होतो. फोन पिशवीत टाकला नव्हता, साहेबांचा आला होता, आणि कचेरीतल्या एका पत्राचा जावक क्रमांक त्यांना रविवारीच हवा होता. मी तो सांगत असताना खालून माझ्या मुलीचा आवाज आला, “बाबा!” आणि मग खाणीने तो चार-पाच वेळा परत म्हटला. मी हात वर करून ‘थांब’ अशी खूण केली. ती तिला दिसणं शक्य नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. सहा वर्षं ते सांगायचं टाळत आलो.

मामांचा समुद्र मोबाइलवर चालत नसे. “मोबाइलमधला समुद्र मुंबईचा असतो,” म्हणायचे. ते भरती-ओहोटी तिथीवरून काढायचे, इथले जुने लोक काढतात तशी. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल त्या वाजता भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. त्या हिवाळ्यात मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मामी नातवंडासाठी ठाण्याला गेलेल्या. आणि मामांनी आधीच कबूल केलेली सहल होती, समुद्रातल्या सपाट खडकावरची. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, खडकातल्या खळग्यांत अडकलेलं पाणी असतं, आणि त्यात बोटभर मासे, शंखात राहणारे खेकडे, हात लावला की मिटणारी समुद्रफुलं. हात लावायला पूर्ण मुभा. मुलं महिनाभर वाट बघत होती. डॉक्टरांनी वाचायला मनाई केल्यामुळे मामांनी शनिवारी दुपारी आमच्याकडे फोन केला. मी उचलला.

“जावयबापू, उद्याची तिथी कोणती तेवढी कॅलेंडरात बघून सांगा हो.”

कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे होतं. माझ्यापासून दहा पावलं. मी आडवा पडून मॅच बघत होतो. मला आठवलं की काल, शुक्रवारी, माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. म्हणजे बायकोची एकादशी. म्हणजे आज द्वादशी. मी म्हटलं, “त्रयोदशी, मामा.”

“बघितलीत ना?”

“बघितली की.”

खिचडी मुलीने हट्ट धरला म्हणून केली होती. एकादशी सोमवारी होती. रविवार होता दशमीचा.

हिशेब ज्याला करायचा त्याने करावा. दुपारी पावणेचारची समजलेली ओहोटी प्रत्यक्षात दीड वाजताच होऊन गेली होती. मामा तीन वाजता अकरा मुलं आणि त्यांच्या आया घेऊन खडकावर गेले. त्यात माझी बायको आणि सात वर्षांची मुलगी. मी घरी होतो. बायकोने नंतर सांगितलं की साडेतीनच्या सुमाराला एक मुलगी मामांना म्हणाली, “आजोबा, मघाशी हा दगड कोरडा होता.” मामांनी काळा चष्मा वर करून बघितलं, पाण्यात काठी घातली, आणि म्हणाले, “माझे डोळे अजून कच्चे आहेत बाय. तिथी पक्की आहे. पाणी उतरतंय.”

शेवटी जाळं घेऊन चाललेल्या दोघा कोळ्यांनी किनाऱ्यावरून हाक मारली, “ओ आजोबा, भरती लागली ना कवाची! पोरांना घेऊन काय बसलाव?” तोवर खडक आणि वाळू यांच्यामधल्या घळीत कमरेइतकं पाणी झालं होतं. त्या दोघांनी मुलं खांद्यावरून एकेक करून अलीकडे आणली. कोणाला काही झालं नाही. सहा चपला गेल्या, एक दप्तर गेलं. माझी मुलगी घरी आली ती भिजलेली आणि अतिशय खूश. खांद्यावरून समुद्र ओलांडला म्हणून तिने मला तीनदा सांगितलं. मी तिच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि पहिल्यांदाच स्वयंपाकघराच्या दारामागे गेलो.

रात्र व्हायच्या आत ग्रुप पेटला. कोणी लिहिलं, वय झालं की थांबावं माणसाने. कोणी लिहिलं, एका डोळ्याने पोरं सांभाळायची हौस कशाला. फोन खिशात वाजलेल्या गृहस्थांनी तर परिच्छेद लिहिला. मग मामांचा आवाज आला, स्टँडवरचा नव्हे, साधा, घरातला. “तिथी मोजण्यात माझी चूक झाली. सगळ्यांची माफी मागतो. यापुढे सहली बंद.” बायको ते ऐकून रडली. म्हणाली, “मामा चुकेल कसा? मामा कधी चुकत नाही.” मी तिच्या शेजारी बसलो होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. नाही बोललो.

तेव्हापासून मामा त्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवू लागले. फुलाखाली सुविचार. खेकड्यांचा पत्ता सांगणारा माणूस इतर सगळ्या निवृत्त माणसांसारखा झाला. त्यांच्या ओटीवर गेलं की ते खुर्चीतून उठायचे, मला बसायला सांगायचे, पावसापाण्याचं विचारायचे. त्या रविवारबद्दल एक शब्द नाही. आणि मला दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू.

या दिवाळीत सांगितलं. मामी आत चकल्या काढत होत्या. मी म्हटलं, “मामा, ती त्रयोदशी. मी कॅलेंडर बघितलं नव्हतं.”

मामांनी पंच्याने चष्मा पुसला. “सोमवारीच कळलं मला. तुमच्याच घरून एकादशीचा डबा आला ना! म्हटलं, काल त्रयोदशी आणि आज एकादशी, पंचांग काय उलटं चालतंय काय?”

“मग बोलला का नाहीत?”

“जावयाला काय बोलणार? आणि म्हटलं, येतील, सांगतील.” मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला एकेरीत म्हणाले, “उशीर केलास रे. गाडी चुकली तर दुसरी सोडता येते. पोरं काय थांबतात?”

त्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. खिचडीसकट. निम्मे लोक केव्हाच बाहेर पडलेले. ज्यांनी वाचलं त्यांतल्या काहींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, काहींनी काहीच नाही. बायकोने वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते योग्यच होतं. तिसऱ्या दिवशी खडकावर असलेल्या एका आईचा फोन आला. “भावोजी, माझी मोठी आता तुमच्या मुलीएवढी, ती काय यायची नाही. पण धाकटा पाच वर्षांचा आहे. मामा नेतील?”

मी मामांना जाऊन सांगितलं. आठवडाभर तरी ते ‘छे छे’ करतील अशी माझी समजूत होती. 

“पाच वर्षांचा?” त्यांनी विचारलं. “म्हणजे अजून चालताना बोट धरतो.”

मी हो म्हटलं. मामा चपला आणि ती साडेतीन फुटी काठी शोधायला आत गेले, आणि मी ओटीवर उभा राहून आठवू लागलो. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. आता ती माझ्यासोबत बाजारात आली तर दोन पावलं पुढे चालते. कधीतरी एका रविवारी तिने शेवटचं कोणाचं तरी बोट धरलं असणार आणि सोडलं असणार. मामांना तो रविवार ठाऊक असेल. मी त्यांना विचारणार होतो, पण ते चपला घालून पायऱ्या उतरायलाही लागले होते.