तिच्या भरवशावर

पोलीस भरतीची तयारी करायला पहाटे कॅनॉलवर पळायला जाते म्हटल्यावर घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं. पदवी झालेली पोरगी अंधारात भरावावरून एकटी पळणार, म्हणजे आमच्या कळंब गावाला महिनाभर पुरेल एवढा विषय. शेवटी माझी मैत्रीण घरी आली. आमच्याच आळीतली, माझ्याहून वर्षाने मोठी, शाळेपासून आमची पुढारी. माझ्या वडिलांना सगळी आळी तात्या म्हणते, मीही म्हणते. ओट्यापाशी उभं राहून ती म्हणाली, "तात्या, मी हाय की संगं. माज्यावर सोडा." तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "तू हायस म्हणून सोडतोय," ते म्हणाले.

तिसरी वालचंदनगरच्या क्वार्टरमधली, कॉलेजातली मैत्रीण. तिने आईला आम्हा दोघींचं नाव सांगितलं, आणि पुढारीणबाईंनी स्वतःच्या घरी आमचं. आमच्याकडे पोरींना परवानगी अशीच मिळते. प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बोट दाखवतं. चुलीच्या तीन दगडांसारखं असतं ते, एक दगड सरकला की तवा खाली येतो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट आपण मोठा डाव साधला असंच वाटत होतं.

माघ सरत आला होता. पहाटे उसावर धुकं असायचं आणि हातांची बोटं वळायची नाहीत. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात. त्या वर्षी ती गेली आणि चप्पल विसरल्यासारखी चार दिवसांनी परत आली. सकाळी स्वेटर, दुपारी अंगाची लाही, संध्याकाळी इंदापूरच्या बाजूने ढग. डाळिंबवाले वर बघून शिव्या घालायचे. उसाच्या ट्रॅक्टरांनी भरावावर पाडलेल्या चाकोऱ्या रात्रीच्या शिंतोड्यांनी निसरड्या व्हायच्या, आणि आम्ही त्यांतून आठशे मीटर मारायचो. रविवारी एसटीने बारामतीला जाऊन मैदानावर गोळा फेकायचो. पळण्यात मी दोघींच्या पुढे होते, गोळ्यात मात्र माझी बोंब होती.

शिवरात्रीनंतर आळीतल्या मैत्रिणीने एक नवं खूळ काढलं. "त्वांडाला रुमाल बांध. काळी पडशील." मी म्हटलं, भरतीत रंग बघतात का? "बांध गं, ऐक माजं," म्हणून तिनं स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाला रुमाल गुंडाळला. ऊन चढायच्या आत मला घराकडे पिटाळायची, स्वतः मागे रेंगाळायची. टेपने माझी उंची मोजायची, तीही सकाळी, कारण सकाळी माणूस थोडं जास्त भरतं. पहाटे जाताना चालत चालत विचारायची, तुला राग लवकर येतो का, एकत्र घरात तुझा निभाव लागंल का, भाकरी किती मोठी थापतीस. मी आपली मोकळेपणाने सांगत सुटायचे. उपाशीपोटी मला चक्कर येते हेही सांगितलं, आणि वर्दी मिळेपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही हेही. मायेने विचारते असं मला वाटायचं. सख्ख्या बहिणीने एवढं विचारलं नसतं.

फाल्गुनात एका सकाळी गारा पडल्या. पळता पळता आभाळ काळं झालं आणि टपाटप सुरू झालं. आम्ही तिघी एका विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत घुसलो. वरचा पत्रा असा वाजत होता की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. माझी वेणी सुटलेली, टी-शर्ट अंगाला चिकटलेला, आणि मी ओंजळीत गारा घेऊन खात होते, हसत होते. आळीतल्या मैत्रिणीने मोबाईल काढला. मी तोंड लपवलं नाही. तिच्यापुढे कशाला लपवायचं?

पुढच्याच आठवड्यात आईने मला साडी नेसायला लावली. बघायला पाहुणे येणार होते, आणि ही गोष्ट मला पोहे फोडणीला टाकल्यावर सांगण्यात आली. पाहुणे इंदापूरकडचे, बागायतदार. मी ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि प्रेमाने म्हणाली, "आज का अशी गप? त्या पावसातल्या व्हिडिओत लई ग्वाड हसत हुतीस की."

मला आधी काही समजलंच नाही. मग ती समजावून सांगू लागली. त्यांच्या थोरल्याची सुपारी माझ्या मैत्रिणीशी फुटली होती, माघातच. दोन्ही घरच्या लोकांना ठाऊक होतं, गावात बोभाटा नको म्हणून गप्प होते. धाकट्यासाठी पोरगी तिनेच सुचवली. "उंचीला चांगली हाय, सवभावानं गरीब हाय, उपाशी न्हाय ऱ्हावत तेवडं बगावं लागंल, म्हणली." सगळे हसले. तात्यासुद्धा हसले. व्हिडिओ त्यांच्या घरात सगळ्यांनी पाहिला होता. मुलाने, त्याच्या बापाने, चुलत्यांनी. मी त्या खोलीत जरीची साडी नेसून उभी होते आणि मला अंगावर काहीच नसल्यासारखं वाटत होतं.

मी ट्रे तिथेच ठेवला आणि आत गेले. संध्याकाळी नकार सांगितला. एकाच मांडवात दोन्ही भावांची लग्नं, जाऊ म्हणून जिवाभावाची मैत्रीण, असं स्थळ लाथाडणारी मी कोण लागून गेले, यावर आईने रात्रभर तोंडसुख घेतलं. तात्यांनी जबरदस्ती केली नाही. पण सकाळी मी बूट घालायला लागले तेव्हा म्हणाले, "जिच्या भरवशावर सोडलं ती आता नांदाय निगाली. तुला कुणाच्या भरवशावर सोडू?" पाडव्यानंतर माझं मैदान होतं, भरतीची शारीरिक चाचणी. बूट मी काढून ठेवले.

क्वार्टरमधल्या मैत्रिणीला फोन केला. "मला वाटलं तुला माहीत असेल," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं! माझ्या शेजारी पळत होती आणि ठाऊक होतं. तिची आईही आता तिला सोडणार नव्हती.

मग मी आळीतल्या मैत्रिणीच्या घरी गेले. भांडायला गेले होते हे खरं. तिनेच आधी माझा हात धरला. "तितं एकटी कशी ऱ्हाऊ मी? तू असलीस की मला घर वाटंल." मग म्हणाली, "आन भरतीत किती जनी लागत्यात गं? पळून पळून काय हुनार?" मला तिच्या कानाखाली काढावीशी वाटली. पण मला गरज होती, आणि ती तिला दिसत होती. मी म्हटलं, माफी नको, काही नको, मैदानापर्यंत रोज सकाळी फक्त पुलावर येऊन बस. पळू नकोस. तू दिसलीस की तात्या सोडतील. तिचे डोळे भरून आले. "येते. उद्याच येते. तात्यांना सांग," ती म्हणाली.

मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, बघू.

उजाडायच्या आत मी कॅनॉलच्या पुलावर उभी होते. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि वारं बोचत होतं. तांबडं फुटलं, दूधवाले गेले, ऊसतोडीच्या गाड्या गेल्या. मी शरीर गरम ठेवायला जागच्या जागी पाय हलवत होते. मग गावाकडून तिच्या भावाची मोटारसायकल आली. मागे ती बसली होती, मांडीवर मोठी रिकामी पिशवी. बस्त्याला बारामतीला निघाली होती. आमची नजरानजर झाली. तिनं तोंडावरची ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली आणि भावाच्या पाठीमागे मान वळवली. गाडी पूल ओलांडून गेली.

मागे वळले तर तात्या उभे होते, उसाला पाणी द्यायला निघालेले, खांद्यावर खोरं. "आली न्हाय," मी म्हटलं. रडू आवरत नव्हतं. "दिसली मला," ते म्हणाले. "चल घरी."

"तिनं शब्द मोडला तर माजं पळनं का मोडायचं?" मी तात्यांवर आजवर कधी ओरडले नव्हते. रस्त्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं. तात्यांनी खोरं कठड्याला टेकवलं आणि खाली बसले. "जा. बसलोय मी." मैदानापर्यंत ते रोज बसले. पाणी द्यायला उशीर व्हायचा, आई बडबडायची, तरी बसले. गोळ्याला मात्र ते काय करणार? बारामतीला मला एकटीला सोडायला तेही तयार नव्हते. घरामागे दगड फेकून जेवढं जमलं तेवढं केलं.

माझं मैदान झालं. पळण्यात मला पुरे गुण मिळाले. गोळा कमी पडला आणि तेवढ्यावरच मी बाहेर गेले. संध्याकाळी गावात बातमी पोचली, आणि गावातून इंदापूरकडे तिच्या सासरी. मधल्या काळात झालेल्या तिच्या लग्नाला मी गेले नव्हते, त्यानंतर आमचं बोलणंही नव्हतं. त्या रात्री तिचा मेसेज आला: "मी म्हनलं हुतं की तुला."

मैदानावर मी रडले नव्हते. तो मेसेज वाचून रडले. व्हिडिओ दाखवला, सुपारी लपवली, पुलावरून तोंड फिरवून गेली, त्या सगळ्याला मी मनात कुठे ना कुठे कारण शोधलं होतं. ती घाबरली होती, एकटी पडणार होती, पोरच होती माझ्यासारखी. पण त्या मेसेजमध्ये भीती नव्हती. मी हरले म्हणून तिला बरं वाटलं होतं.